परड

शैलगंध सोसायटीची मागची भिंत संपते तिथेच टेकडी सुरू होते. बिबवेवाडीतल्या त्या पट्ट्यातल्या बाकीच्या इमारतींसारखीच हीही टेकडीचा पाय तासून उभी केलेली. भिंतीपलीकडे घाणेरीची जाळी, बाभळी, रुई, आणि त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ओतलेला राडारोडा. फुटक्या फरशा, जुने कमोड, पीओपीचे तुकडे. राडारोड्यात उंदीर आणि घुशी. त्यांच्या मागावर साप.

शेफाली लग्न होऊन तिथे आली त्याच पावसाळ्यात पार्किंगमध्ये लोकांनी एक लांबलचक धामण ठेचून मारली. शेफाली ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिला राहवलं नाही. सोसायटीचे अध्यक्ष सर्जेराव काठी टेकून उभे होते, त्यांना ती म्हणाली, "काका, ही धामण होती. विषारी नसते. उंदीर खाऊन आपलंच काम करत होती."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सर्जेराव म्हणाले, "उंदरांचं टेंडर आपण तिला दिल्याचं मला आठवत नाही."

लोक हसले. पण शेफालीने तो विषय सोडला नाही. सुट्टीत जाऊन साप पकडायला शिकली. काठी आणली, कापडी पिशव्या शिवून घेतल्या. साप निघाला की मारू नका, मला हाक मारा, एवढंच ती घरोघरी सांगत राहिली. मग सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि लोक फोटो टाकू लागले. "मॅडम, हे काय आहे?" शेफाली जिथे असेल तिथून उत्तर द्यायची. कवड्या, बिनविषारी. नानेटी, बिनविषारी. नाग, लांब राहा, मी येते. हळूहळू लोकांच्या हातातल्या काठ्या गेल्या. धामण भिंतीवरून सरकत गेली तर बायका मुलांना उचलून दाखवू लागल्या. खुद्द सर्जेरावांनी एकदा ग्रुपवर लिहिलं, "आज आपली धामण बऱ्याच दिवसांनी दिसली." आपली, हा शब्द शेफालीने नवऱ्याला, पृथ्वीराजला, दोनदा वाचून दाखवला होता.

दुसऱ्या मजल्यावर शुभंकर भाड्याने राहायला आला तो याच काळात. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा मुलगा, मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत कामाला, अर्धा आठवडा घरूनच काम. एकदा शेफाली जिन्याखालून नाग काढत होती आणि पिशवीचं तोंड धरायला कुणीच पुढे येईना, तेव्हा हा गॅलरीतून बघत होता तो खाली आला. चेहरा पांढराफटक, पण पिशवी धरली. नंतर पायरीवर बसून म्हणाला, "मॅडम, मी आयुष्यात पहिल्यांदा सापाच्या इतक्या जवळ आलो. आमची आई गवतात पाय ठेवू द्यायची नाही."

तेव्हापासून तो तिच्याबरोबरच असायचा. मॅडमची ताई झाली. रविवारी जेवायला यायचा, पृथ्वीराजबरोबर क्रिकेटवर वाद घालायचा. एरवी शहरी मराठी बोलणारा, पण साप दिसला की तोंडातून वऱ्हाडी निघायची, "ताई, थे पाहा, थे पाहा!" शेफालीने त्याला खवल्यांच्या ओळी बघायला शिकवलं, डोक्याचा आकार बघायला शिकवलं. डुरक्या घोणस कशी ओळखायची तेही शिकवलं. डुरक्या म्हणजे अजगराच्या जवळच्या कुळातला, जाडजूड, आखूड शेपटीचा गरीब साप. अंगावरचे तपकिरी डाग घोणशीसारखे दिसतात म्हणून लोकांनी त्याला तिचं नाव चिकटवलं आणि त्यापायी तो फुकट मारला जातो. खरी घोणस अतिविषारी. त्या श्रावणात सोसायटीच्या बागेत दोन डुरक्या निघाल्या. दोन्ही शुभंकरने हाताने उचलून भिंतीपलीकडे सोडल्या. दुसरी सोडली त्या संध्याकाळी तो आईला फोनवर सांगत होता ते शेफालीने ऐकलं, "आई, सापाले भ्यायचं नसते. ओळखायचं असते."

तो गुरुवार होता. शेफाली प्रयोगशाळेत होती, बारावीचं प्रात्यक्षिक चालू होतं. टेबलावरचा फोन थरथरला. ग्रुपवर शुभंकरने फोटो टाकला होता. बागेतल्या नळाजवळची कलंडलेली कुंडी आणि तिच्याखालून बाहेर आलेलं सापाचं वेटोळं. खाली लिहिलं होतं, "ताई, ही परड आहे का? मुलं खेळायला येतील थोड्या वेळात."

शेफालीने डाव्या हातात फोन धरला. उजव्या हाताने ती एका मुलीच्या सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी सरळ करत होती. फोटोत जाड अंग होतं, तपकिरी डाग होते. शेपूट कुंडीखाली, डोकं वेटोळ्यात. परड हा शब्द तिने वाचला. तो तिच्या ओळखीचा नव्हता, टाइप करताना काहीतरी चुकलं असेल असं वाटून नजर पुढे गेली. आठवड्याभरात निघालेली तिसरी डुरक्या. मुलगी विचारत होती, "मॅम, हे कन्फर्म पेशीविभाजनच आहे ना?"

शेफालीने लिहिलं, "डुरक्या घोणस. बिनविषारी. हलकेच उचल आणि भिंतीपलीकडे सोड." फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि ती मुलीच्या सूक्ष्मदर्शकात वाकली.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "ताई, चावली."

"कुठे?"

"अंगठ्याच्या बुडाशी. पण सोडली मी तिला पलीकडे. तिला काही झालं नाही."

"डुरक्या चिडली की चावते कधीकधी. साबणाने स्वच्छ धू, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये."

"फार दुखतंय ताई."

"दात बारीक असतात, आत रुततात. घाबरू नकोस. विष नसतं."

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'मध्ये विश्वासाखेरीज काही नव्हतं, आणि तो शब्द पुढे शेफालीच्या कानातून कधी गेला नाही.

तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेला. साप बिनविषारी आहे, आमच्या सोसायटीतल्या तज्ज्ञ मॅडमनी सांगितलं, असं त्याने स्वतःच सांगितलं. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, वेदनाशामक गोळी दिली. घरी येऊन शुभंकरने लॅपटॉप उघडला, मीटिंगला हजेरी लावली आणि मग हात फारच ठणकायला लागल्यावर आडवा झाला.

दुपारी प्रात्यक्षिक संपल्यावर शेफालीने "कसा आहेस?" असा मेसेज केला. उत्तर आलं नाही. फोन केला, उचलला नाही. ती स्कूटर घेऊन तडक निघाली. दुसऱ्या मजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं होतं. शुभंकर बेसिनशी उभा होता. हात कोपराच्या वरपर्यंत सुजून चकाकत होता, अंगठ्याभोवतीची कातडी निळी-काळी पडली होती. तो चूळ भरत होता आणि बेसिनमध्ये पडणारं पाणी लाल होतं.

"हिरड्यांतून येतंय," तो म्हणाला. "दात घासताना लागलं असेल का?"

शेफालीने त्याचा हात उजेडात धरला. डुरक्याच्या चाव्यात बारीक दातांची ओळ उमटते, खरचटल्यासारखी. इथे दोन खुणा होत्या. दोनच, खोल.

"डुरक्याच होती ना ताई?"

"चप्पल घाल," ती म्हणाली. "चल."

रिक्षात तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसला. तिने त्याचा हात मांडीवर स्थिर धरून ठेवला होता आणि रिक्षावाल्याला ती सारखी म्हणत होती, "दादा, जरा लवकर." रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत त्याचं रक्त घेतलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. रक्त गोठायला जेवढा वेळ लागतो तेवढा जाऊ दिला. मग त्यांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं इकडून तिकडे वाहिलं. शेफाली दर वर्षी रक्त गोठण्याची क्रिया शिकवायची. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"घोणस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी चावली?"

"सकाळी."

"सकाळी? आणि आत्तापर्यंत काय करत होतात तुम्ही लोक?"

प्रतिविष सुरू झालं. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, आणि शेफाली पहिल्यांदा चहा प्यायली. पण त्याला लघवी होत नव्हती. विषाने मूत्रपिंडं बंद पाडली होती. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं आणि डायलिसिसवर घेतलं.

दारव्ह्याहून त्याचे आईवडील रातोरात निघून आले. नागोराव एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. जाड बोटांचा, कमी बोलणारा माणूस. गोदाबाईंच्या हातात एक पिशवी होती, तीत मुलाचे लोकरी कपडे. थंडी नसते का रुग्णालयात, त्या म्हणाल्या. काचेतून मुलाकडे बघून झाल्यावर बाकावर बसल्या आणि त्यांनी शेफालीचा हात धरला.

"तुमीच शेफालीताई ना? तो फोनवर तुमचंच सांगत राह्यते. तुमी होत्या म्हणून इथवर आणलं त्याले. तुमचे उपकार झाले बाई."

शेफालीला तेव्हाच बोलायचं होतं. पण गोदाबाईंनी हात सोडला नाही, आणि तो हात हातात असताना तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्या संध्याकाळी ती आंघोळीपुरती घरी आली तर सोसायटीच्या मागे जेसीबी घरघरत होता. बैठक झाली होती, ती नसतानाच. टेकडीचा उतार भिंतीपासून वरपर्यंत खरवडून काढायचा ठराव झाला होता. जागा सोसायटीची नव्हती, पण विचारणार कोण? घाणेरी, रुई, बाभळी सगळं मुळासकट निघत होतं आणि जाळीतून जे बाहेर पडेल ते मारायला पोरं, बाप्ये, भाड्याने आणलेले मजूर काठ्या घेऊन उभे होते.

सर्जेराव तिला पाहून पुढे आले. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "शेफाली, तुमच्यावर कुणी ठपका ठेवत नाहीये. माणूस आहे, चूक होते. मी सगळ्यांना बजावलंय, त्या मुलाच्या घरच्यांसमोर ग्रुपवरच्या मेसेजचा विषय काढायचा नाही. उगाच पोलीस, वर्तमानपत्रं. फक्त एक काम करा. तेवढे विषारी कुठले ते वेगळे काढून द्या. नगरसेवकाला फोटो पाठवायचाय."

भिंतीशी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर त्यांनी सगळं ओतून ठेवलं होतं. शेफाली उकिडवी बसली. तिने काठीने एकेक उलटून पाहिलं. कवड्या. दोन नानेट्या. धामण, मोठी, कदाचित तीच, 'आपली'. सापसुरळ्या, ज्या सापही नव्हत्या, पालीच्या नात्यातल्या. डुरक्या, डोकं ठेचलेली. आणखी एक धामण. मुंगसाचं पिल्लूसुद्धा होतं, ते कुणी का मारलं ते कुणालाच सांगता आलं नाही. शेफाली नावं घेत गेली आणि बाजूला ठेवत गेली. पोतं संपलं.

"यात एकही विषारी नाही," ती म्हणाली.

सर्जेरावांनी पोत्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "नक्की?" त्यांनी विचारलं.

ती उठून घरात गेली.

पृथ्वीराज म्हणाला, "काका बरोबर बोलतायत. आत्ता काही सांगू नकोस. तो बरा होऊ दे, मग तोच हसत सांगेल आईबापांना."

"आणि नाही झाला तर?"

"तर सांगून काय होणारे?"

ती रुग्णालयात परत गेली. शुभंकर एकदाच नीट जागा झाला होता, तेव्हा तिला पाच मिनिटं आत सोडलं. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. तो म्हणाला, "ताई, ऑफिसला कळवलं का?" ती हो म्हणाली. मग त्याने डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच विचारलं, "मुलांना नाही ना चावली कुणाला?" "नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नागोरावांना बोलावून घेतलं. यकृतावरही परिणाम झालाय, ते म्हणाले, आणि पुढे सहज म्हणाले की सुरुवातीचे तास वाया गेले नसते तर चित्र वेगळं असतं. नागोराव बाहेर आले आणि बाकासमोर उभे राहिले. बसले नाहीत.

"ताई, एक सांगा. सकाळी चावलं न् दुपारपर्यंत पोरगा घरीच काऊन राह्यला? इतका उशीर काऊन केला त्यानं?"

शेफाली उभी राहिली. "मी सांगितलं होतं म्हणून," ती म्हणाली. "त्याने फोटो पाठवून मला विचारलं, कोणता साप आहे. मी न बघता सांगितलं. बिनविषारी आहे, हाताने उचल. चावल्यावर त्याने फोन केला तेव्हाही मी सांगितलं, काही होत नाही. म्हणून तो घरी थांबला."

गोदाबाई बाकावरून उठल्या.

"काय नाव सांगतलं तुमी त्याले?" नागोरावांनी विचारलं.

"डुरक्या घोणस."

"न् होती कोणती?"

"घोणस."

"मंग दोन्ही घोणसच झाल्या ना?" गोदाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "मंग तुमचं काय चुकलं?"

"नाही काकू. नाव सारखं आहे, साप वेगळे आहेत. एकाला विष नसतं." शेफालीने फोनवर खऱ्या घोणशीचा फोटो काढून नागोरावांपुढे धरला. साखळीसारखे डाग, त्रिकोणी डोकं.

नागोरावांनी फोन हातात घेतला नाही. वाकून पाहिलं. "थे तर परड होय," ते म्हणाले.

शेफालीने फोन खाली घेतला. ती भिंतीला टेकली.

"आमच्याकडे हिले परड म्हन्ते. दारव्ह्यात लहान पोरालेही ठाऊक हाये. आमच्या क्वार्टरमागं निघे. शुभ्याले म्या स्वतः दाखवली होती, चवथीत असन तो. याले ओळखू येत होती परड." आता त्यांचा आवाज चढला. "याले ओळखू येत होती! मंग यानं तुमाले काऊन इचारलं?"

"त्याने विचारलं होतं," शेफाली म्हणाली. "परड आहे का, असंच विचारलं होतं. मला तो शब्द माहीत नव्हता. मी विचारलं नाही, परड म्हणजे काय."

वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत गेला, त्याला वाट द्यायला तिघंही मागे सरली. मग गोदाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी आता इथं बसू नका. मले तुमच्याकडे पाह्यवत नाई."

शेफाली खाली गेली. ती घरी गेली नाही. रुग्णालयाच्या आवारात औषधाच्या दुकानाबाहेर कट्ट्यावर बसून राहायची, औषधं लागली की पृथ्वीराजकरवी वर पाठवायची. शुभंकर पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पहाटे गेला. तिला ते नागोरावांनी सांगितलं. ते जिना उतरून आले, तिच्यासमोर थांबले आणि म्हणाले, "गेला." पुढे जाऊन परत वळले. "त्याच्या खोलीची किल्ली तुमच्यापाशी हाये म्हन्ते."

सामान घ्यायला ते एकटेच आले. गोदाबाई रुग्णवाहिकेत बसून राहिल्या, खाली उतरल्या नाहीत. कपडे, लॅपटॉप, दोन भांडी, एवढं आवरून झाल्यावर नागोराव म्हणाले, "कुठं झालं थे दाखवा."

शेफालीने त्यांना बागेत नेलं. नळ दाखवला, कुंडी दाखवली, ती कुणीतरी सरळ करून ठेवली होती. त्यांनी भिंतीवरून पलीकडे पाहिलं. वरपर्यंत नुसता लाल मुरूम होता, जेसीबीच्या दातांच्या रेघांसकट. कुठे काडीही उभी नव्हती.

"इथं सोडली त्यानं तिले?"

"इथेच. तेव्हा झाडी होती."

"मंग ती मेली का?"

"नाही. मारलेल्यांत ती नव्हती. मी पाहिलं."

नागोरावांनी मान हलवली. भिंतीवर त्यांचे दोन्ही हात होते. "जिवंत सोडली त्यानं," ते म्हणाले, अभिमानाने की रागाने ते तिला कळलं नाही. मग ते गेले. तिने नंतर दोनदा फोन केला, तो उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा तिने केला नाही.

शेफालीने सोसायटीचा ग्रुप सोडला, पण फोन बंद झाले नाहीत. इतक्या वर्षांत तिचा नंबर पेठांपासून उपनगरांपर्यंत पसरला होता, आणि शुभंकरची गोष्ट सोसायटीबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. फोटो येत राहिले. ती प्रत्येक फोटोला एकच उत्तर द्यायची. विषारी समजा, लांब राहा, वनखात्याला फोन करा. नानेटी असो, पाणसाप असो, नाव लिहायला बोट धजायचंच नाही.

हिवाळ्यात उंदरांनी सोसायटीत धुमाकूळ घातला. गाड्यांच्या वायरी कुरतडल्या, डक्टमधून चढून स्वयंपाकघरांत शिरले. सर्जेरावांनी विषाच्या वड्या मागवल्या. विष खाऊन झिंगलेला उंदीर उघड्यावर फिरतो, तो सहज पकडला जातो. पाण्याच्या टाकीवर राहणाऱ्या गव्हाणी घुबडांच्या जोडीतलं एक आठवड्याभरात गच्चीवर मरून पडलं, चोचीतून रक्त आलेलं. शेफालीला दाखवायला कुणी बोलावलं नाही. तिने ते कपडे वाळत घालताना पाहिलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं.

त्याच सुमारास कसबा पेठेतल्या एका भांड्याच्या दुकानदाराने तिला फोटो पाठवला. माळ्यावर साप होता. तिने नेहमीचं उत्तर दिलं. तासाभराने दुसरा फोटो आला, साप दुकानासमोर रस्त्यावर पडलेला, चेंदामेंदा झालेला. "विषारी म्हणालात म्हणून रिस्क घेतली नाही. थँक्यू मॅडम." पहिल्या फोटोतच ती धामण असल्याचं शेफालीला दिसलं होतं. अगदी स्वच्छ दिसलं होतं. तिने त्याला फोन करून ते सांगितलं.

दुकानदार म्हणाला, "मग आता काय करू? दहावा घालू का? तुम्हाला माहीत होतं तर तोंडाला कुलूप लावलं होतं का बाई?" आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर शेफालीने ठरवलं की फोटोवर काहीच सांगायचं नाही. ना विषारी, ना बिनविषारी. जमेल तिथे स्वतः जायचं.

पहिला फोन येरवड्याहून आला. बैठ्या चाळीतल्या कांताबाईंच्या घरात गॅसच्या टाकीमागे साप शिरला होता. शेफालीने वाटेतूनच वनखात्याला कळवलं. ती पोचली तेव्हा दारात चाळ गोळा झालेली, चौघांच्या हातात सळया. "कोणता आहे?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"दिसल्याशिवाय सांगणार नाही."

"एवढा फोटो पाठवला की!"

"फोटोवरून सांगत नाही."

ती दारात बसली. टाकीमागे फक्त काळसर अंगाचा एक तुकडा दिसत होता. लोक कंटाळले, कुरकुरले, एकजण म्हणाला की मॅडमला काही येत नाही. ती बसून राहिली. शेवटी साप सरकला, डोकं वर झालं, फणा निघाला, आणि नागाच्या फण्यावरची खूण तिने सगळ्यांबरोबरच पाहिली. पहिल्यांदा काठी निसटली. दुसऱ्यांदा तिने त्याला पिशवीत घेतलं आणि गाठ मारली.

"आता सोडणार कुठं?" कांताबाईंनी विचारलं.

"जवळच सोडायला हवा. लांब नेला तर तो जगत नाही. त्याला तिथली बिळं माहीत नसतात, शिकार माहीत नसते, भटकत राहतो आणि मरतो."

"जवळ म्हणजे? इथंच?"

"नदीकडच्या झाडीत."

"झाडी कुठं राहिलीय? भिंत बांधलीय तिकडं. म्हणजे हा परत आमच्याच घरात."

"येईल कदाचित. पण इथे उंदीर आहेत, हा त्यांना—"

"माझी नात जमिनीवर झोपते," कांताबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्ही खरं सांगा, तुमची असती तर?"

शेफालीने पिशवीकडे पाहिलं, मग दारातल्या मुलीकडे. तिला माहीत होतं ते सगळं शास्त्र खरं होतं, आणि ते या उंबऱ्यात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं.

"लांब नेते," ती म्हणाली.

सळया खाली झाल्या. शेफालीने पिशवी टोपलीत ठेवून स्कूटरला बांधली. वनखात्याचा माणूस तिला वाटेत भेटला आणि दोघं शहराबाहेर, वस्ती विरळ झाल्यावर एका माळावर थांबली. ऊन कडक होतं. तिने गाठ सोडली आणि मागे सरली. नाग बाहेर आला, पण लगेच गेला नाही. उघड्या जमिनीवर थोडा वेळ तसाच पडून जीभ बाहेर-आत करत राहिला, मग एका बाजूला थोडा गेला, थांबला, दुसऱ्या बाजूला गेला.

"जाईल मॅडम," वनखात्याचा माणूस म्हणाला. "चला आपण."

शेफाली थांबली. नाग पुन्हा वळला आणि गवत नसलेल्या त्या माळावरून, ज्या दिशेला काही नव्हतं त्या दिशेला, सरकत गेला.